खिशातली माणसं

गूळ जळायला लागला की त्याचा वास आधी गोड येतो. लबाडच आहे तो! संक्रांतीच्या पोळीचं सारण परतताना हात जरा रेंगाळला, कढईच्या बुडाशी चार कण करपले, की पहिला दरवळ असा उठतो की दारावरून जाणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावं. आणि मग क्षणभरानं त्याच्या पाठोपाठ एक कडवट, घशाला चिकटणारी, डोळ्यांच्या कडा झोंबवणारी धग येते. घरात आलेला पाहुणा म्हणतो, वा, काय खमंग वास सुटलाय! मी गॅस बंद करते, खिडकी उघडते आणि झारा हातात तसाच धरून थोडा वेळ उभी राहते. पोळ्या त्या दिवशी जरा उशिरा होतात, आणि घरच्यांना त्याची सवय झालेली आहे.

खरं म्हणजे कोल्हापुरात राहून गुळाच्या वासाला भिणं म्हणजे समुद्राकाठी राहून मिठाला भिण्यासारखं. थंडी पडू लागली, ऊस तोडीला आला की या मुलखाच्या हवेतच एक मधुर जडपणा येतो. पंचगंगेच्या काठानं जावं तर गुऱ्हाळांचे धूर सायंकाळच्या धुक्यात मिसळलेले, काहिलीतल्या रसाला उकळी फुटलेली, आणि वाफेच्या त्या शुभ्र, सुगंधी पडद्याआडून कुणीतरी ओळखदेख नसताना हाक मारतो, "या की पावणं, रस घेऊन जावा!" नाही म्हणायची सोय नाही, नाही म्हटलंत तर त्याला राग येतो आणि तो राग तो आख्ख्या शिवाराला ऐकवतो. असं हे आमचं गाव. प्रेमसुद्धा भांडल्यासारखं करतं. त्या गावातल्या गुळाच्या पेठेजवळच्या मुलींच्या शाळेत मी मराठी शिकवत होते, आणि माझे यजमान त्याच गावाच्या आगी विझवत होते.

आमचं लग्न ठरलं तेव्हा माझ्या मावशीनं नाक मुरडलं होतं. "बी. ए. झालेली पोरगी, आणि बंबवाल्याला देताय?" तिला वाटायचं, बंबवाला म्हणजे दिवसभर ठाण्यात पत्ते कुटणारा आणि घंटा झाली की लाल गाडीच्या मागं लोंबकळणारा माणूस. पत्ते ते कुटायचे, खोटं कशाला सांगू! पण घंटा झाली की हातातला हुकमाचा एक्का तिथंच टाकून उठणारी माणसं मी त्या ठाण्यातच पाहिली. आमची खोली ठाण्यामागच्या वसाहतीत होती. जेवता जेवता घंटा व्हायची, हे भाताचा घास ताटात ठेवायचे, "आलोच" म्हणायचे आणि नाहीसे व्हायचे. त्या "आलोच"वर मी किती रागवत असे! तो भात पुन्हा गरम करायचा, की झाकून ठेवायचा, की कुत्र्याला घालायचा, हे कळायला काही मार्गच नसायचा.

नव्वदच्या दशकातल्या त्या दिवसांत साधनं सगळीकडंच तुटपुंजी. पाठीवर घ्यायची हवेची नळकांडी मोजकी, बहुतेकांच्या नशिबी तोंडाला गुंडाळलेला ओला टॉवेलच. आणि धुरात एकदा माणूस शिरला की तो कुठं आहे हे सांगणारं काहीच नाही. आता तसं नाही. दोन हजार साल उलटल्यावर ठाण्यात फळा आला, प्रत्येकाच्या नावाचा बिल्ला आला. आत जाताना बिल्ला फळ्यावर लावायचा, बाहेर आल्यावर काढून घ्यायचा. त्याआधी फळा नव्हता, बिल्ला नव्हता. त्याआधी यांच्या खाकी शर्टाचा डावा खिसा होता.

ही खिशाची रीत त्यांनी कुठून आणली, ठाऊक आहे? तालमीतून. पैलवान मातीत उतरायच्या आधी अंगावरची वस्तू बाहेर कुणाच्यातरी हवाली करतो: गळ्यातला ताईत, बोटातली अंगठी, मनगटावरचं कडं. हे लहानपणी तालमीत जायचे. पट्टीचे पैलवान मात्र कधीच झाले नाहीत. "मी खेळन्यापेक्षा सांभाळन्यातच तरबेज हुतो," असं स्वतःच सांगायचे आणि हसायचे. ज्याची वस्तू त्यालाच द्यायची, त्यानं स्वतः येऊन मागितली तरच द्यायची, मित्रानं मागितली तरी नाही, हा तालमीतला नियम त्यांनी जसाच्या तसा आगीत आणला. लीडिंग फायरमन झाल्यावर धुराच्या तोंडाशी हे उभे राहायचे आणि आत जाणाऱ्या प्रत्येकापुढं हात पसरायचे. "ठेव, आनि जा." कुणी अंगठी ठेवी, कुणी सायकलची किल्ली, कुणी निळ्या दोऱ्यात ओवलेला अशोकचक्राचा बिल्ला, कुणी नुसता कंगवा. बाहेर आलेल्यानं यांच्यासमोर उभं राहून म्हणायचं, "अण्णा, माझी किल्ली." खिशात काही उरलं, तर माणूस आत उरला.

चेहरे ओळखून का नाही सोडायचं, असं मी एकदा विचारलं होतं. मास्तरकीची सवय, शंका काढल्याशिवाय चैन पडत नाही. ते म्हणाले, "अगं, भाईर येताना समद्यांची तोंडं एकाच आईच्या लेकरांवानी दिसत्यात. काळीठिक्कर. मी एकाला दोनदा मोजला तर?" मग म्हणाले, "आनि वस्तू खोटं बोलत न्हाय." मला ते बोलणं फार आवडलं. साऱ्या जगानं माणसांच्या चेहऱ्यांवर भरवसा ठेवावा आणि या माणसानं एका कंगव्यावर ठेवावा!

घरी कपडे धुताना तो खिसा मी आधी उलटा करून बघायची. रिकामा खिसा पाहिला की जीव भांड्यात पडायचा. त्याच्या तळाशी कधी तंबाखूचे दोन कण सापडत, कधी कुणाच्या ताईताच्या दोऱ्याचा धागा. परक्या माणसांच्या आयुष्याचा एवढासा चुरा, आणि तो माझ्या नवऱ्याच्या काळजापाशी साठलेला! मी चिडवायची, "सगळ्या गावाला जागा आहे या खिशात, माझं काही ठेवलंयत का कधी?" ते म्हणायचे, "तू कुठं आगीत जातीस?"

या खिशातलं एक नेहमीचं गिऱ्हाईक म्हणजे शिवाप्पा. सीमेकडच्या एका गावातला, अंगानं थोराड, आवाज असा की हळू बोलला तरी शेजारची दारं उघडावीत. घरी कानडी, ठाण्यात मराठी आणि रागात दोन्ही मिसळून. त्याच्याकडं ठेवायला अंगठी नाही, ताईत नाही. होती ती फक्त तंबाखूची चंची, कापडाची, मळकी, चुन्याच्या डबीनं पोट फुगलेली. ती यांच्या हातात देताना तो म्हणायचा, "अण्णा, जीव ठेवून चाललोय हां, जपून!" आणि बाहेर आला की खोकला थांबायच्या आधी चंची मागायचा.

पण एका थंडीत शिवाप्पाच्या मनात काही निराळंच चाललं होतं. त्याची मुलगी, वय वर्षं चार, बापाच्या गळ्यात पडायची आणि लगेच नाक धरून मागं सरायची. "अप्पा, वास!" म्हणायची. शेवटी तिनं जाहीरच केलं की तंबाखू खाणाऱ्या अप्पाला मुका मिळणार नाही. शिवाप्पानं हे मला वसाहतीच्या नळावर सांगितलं तेव्हा त्या आडदांड माणसाचे डोळे भरून आले होते. "वैनी, आगीत जाताना काय वाटत न्हाय वो. पर पोरीनं तोंड फिरवलं की आतनं जळतंय." दोनदा तंबाखू सोडून झाली होती. दोन्ही वेळा निश्चय संध्याकाळपर्यंतच टिकला. हात आपोआप कमरेला जातोय, काय करू, असं म्हणत होता.

आणि मग ती दुपार आली. मी वर्गात शिकवत होते, आणि खिडकीतून तो वास आला. पहिल्यांदा गोड. मुली खुसखुसल्या, "बाई, कुणीतरी चिक्की करतंय!" दुसऱ्याच श्वासाला सगळ्यांचे घसे धरले. पेठेतल्या एका अडत्याच्या वखारीत बारदानाला ठिणगी लागली होती आणि आतल्या गुळाच्या थप्प्या पेटल्या होत्या. शाळेला सुट्टी दिली. मुलींना लांबच्या रस्त्यानं घरी लावून दिलं आणि मी मात्र उलट्या दिशेनं गेले. का गेले? बायको आगीजवळ जाऊन करणार काय? पण पाय कुणाचं ऐकतात?

गुळाची आग तुम्ही पाहिली नसेल, पाहू नये. लाकूड जळून राख होतं, कापूस जळून उडून जातो, गूळ मात्र जळता जळता वितळतो आणि चालायला लागतो. वखारीच्या उंबऱ्यावरून काळसर, उकळत्या पाकाचा लोट रस्त्यावर येत होता, वरून पाण्याचा मारा बसला की तडतडत होता, आणि त्या पाकात गमबूट रुतून माणसाला पाऊल उचलता येत नव्हतं. ज्या रसाच्या काहिलीपुढं आम्ही हसत उभे राहतो, त्याचंच हे रूप! दोरी बांधून गर्दी अडवली होती. मी त्या दोरीशी उभी राहिले. दाराशी हे उभे होते, डावा खिसा फुगलेला. मला त्यांनी पाहिलं, पण ओळख दाखवली नाही. कामावर असताना दाखवायचे नाहीत.

छताचे वासे करकरायला लागले तसं त्यांनी शिट्टी फुंकून सगळ्यांना बाहेर बोलावलं. माणसं धुरातून एकेक करून येऊ लागली, खोकत, ओकत, कुणी पुढच्या दारानं, कुणी बोळातल्या मागच्या दारानं. यांच्यासमोर उभं राहून हात पुढं करत होती. अण्णा, किल्ली. अण्णा, अंगठी. खिसा रिकामा होत होता, आणि इतक्या लांबूनही मला दिसत होतं की यांचे खांदे सैल पडत चाललेत. मग सगळी बाहेर आल्यासारखं वाटलं, आणि यांनी खिशात हात घातला, तो तिथंच थांबला. त्यांनी चंची बाहेर काढली.

"शिवाप्पा!" त्यांनी हाक मारली. पंपांच्या घरघरीत ती विरून गेली. कुणी म्हणालं, तो भाईर आला असंल की. कुणी म्हणालं, मागल्या थप्पीपाशी हुता. "असंल"वर हे कधी चालले नाहीत. बाकीच्यांच्या अंगात उभं राहायचं त्राण नव्हतं. जे धड होते ते पाण्याच्या नळीला लटकलेले, ती सोडली तर दारच पेटलं असतं. यांनी टॉवेल भिजवला, तोंडाला बांधला आणि दाराकडं वळायच्या आधी तरातरा दोरीपाशी आले. माझ्यासमोर. मनगटावरचं घड्याळ काढलं आणि माझ्या हातावर ठेवलं.

"मी मागितल्याबिगर कुनाला द्यायचं न्हाय," एवढंच म्हणाले. "आलोच"सुद्धा म्हणाले नाहीत. आणि धुरात गेले.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्याचा पूर्ण भार माझ्या हातावर पहिल्यांदा पडला तो त्या वेळी. घड्याळ गरम होतं, त्याला घामाचा वास होता, काच धुरानं मळली होती. मी मूठ मिटली. देवाचं नाव घ्यायचं असतं अशा वेळी. मला एकही देव आठवला नाही.

आणि तेवढ्यात माझ्या पाठीमागून आवाज आला, "वैनी, तुमी हितं काय करताय?"

शिवाप्पा! काळाठिक्कर, डोळे लाल, बोळातल्या नळावर तोंड खंगाळून आलेला, केसांतून पाणी ठिबकतंय. जिवंत, धडधाकट, आणि बाहेर! मी त्याच्याकडं बघतच राहिले. "तुमची चंची..." एवढंच कसंबसं बोलले. तर तो खुळा माणूस लाजला. हो, लाजला! मान खाली घालून म्हणाला, "मागितली न्हाय, वैनी. म्हटलं ऱ्हाऊ दे अण्णाच्या खिशात. हातातच आली न्हाय तर खानार कशी? पोरीला सांगतो आज, सुटली म्हनून."

सांगा, या माणसावर रागवायचं तरी कसं? लेकीच्या एका मुक्यासाठी त्यानं चंची सोडली, आणि त्या सोडलेल्या चंचीचा अर्थ लावून माझा माणूस आगीत गेला. जो आत नाही त्याला आत शोधणाऱ्याला परत कसं बोलवायचं? शिट्ट्या कितीही फुंका, हे सहकाऱ्याला टाकून बाहेर येणारे नव्हेत. उलट जितका वेळ शिवाप्पा सापडणार नाही, तितके ते आणखी आत जाणार होते.

मी त्याच्या बाहीला धरलं आणि ओरडले, "ते तुम्हांला शोधायला आत गेलेत!" त्याच्या तोंडावरचा रंग काजळीखालूनही उडालेला मला दिसला. तो दोरी तोडूनच धावला. दारातून आत घुसायला निघाला तर दोघांनी त्याला कमरेला धरून अडवलं. "तू आत गेलास तर आमाला दोघास्नी शोधावं लागंल! हितनंच बोंबल!" आणि शिवाप्पानं त्या पेटत्या दारात उभं राहून, वासे खाली येत असताना, असा टाहो फोडला की पंपांची घरघर त्यापुढं चिलटाची गुणगुण ठरावी.

"अण्णाऽऽ! म्या भाईर हाय वोऽऽ! शिवाप्पा भाईर हाय! या वो भाईर! अण्णाऽऽ!"

आमच्या गावच्या लोकांच्या मोठ्या आवाजाला बाहेरचे लोक नावं ठेवतात. रांगडे म्हणतात, हेल काढतात म्हणतात. ठेवोत बापडे! शिवाप्पाचा गळा फुटला, आवाज चिरकला, तरी तो थांबला नाही. कानडीत रडला, मराठीत शिव्या घातल्या, मग बाकीच्यांनीही त्याच्या सुरात सूर मिसळला, आणि गर्दीतले हमाल, अडते, बघे, सगळेच ओरडायला लागले: शिवाप्पा भाईर हाय! मीही ओरडत होते. शाळेत मुलींना सारखं "हळू बोला, हळू बोला" म्हणणारी मी, पदर सुटलेला, मूठ छातीशी धरलेली.

धुराच्या तळाशी, जमिनीलगत, आधी एक हात दिसला. मग डोकं. हे नळी धरून रांगत येत होते. गमबूट पाकात रुतून मागंच राहिले होते आणि अनवाणी पावलांना तो उकळता गूळ चिकटला होता. दाराबाहेर ओढून काढलं तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते. पावलांचं काय झालं होतं ते मी लिहीत नाही. शिवाप्पानं त्यांना पोटाशी धरून उचललं आणि गाडीत घातलं, आणि मागचे वासे कोसळल्याचा आवाज मला खूप लांबून आल्यासारखा वाटला.

इस्पितळात डॉक्टर म्हणाले, पायांचं बघू, पण धूर फार गेलाय आत. जाग आली की मग सांगता येईल. जाग आली की! तिथल्या परिचारिकेनं माझी मूठ बघून विचारलं, हाताला भाजलंय का? मी मान हलवली. घड्याळ पिशवीत ठेवा म्हणाली, ठेवलं नाही. त्यांच्या भिजल्या कपड्यांचं गाठोडं माझ्या मांडीवर दिलं. डाव्या खिशात चंची तशीच होती. धुराच्या तोंडाशी हात पसरून उभं राहणारा हा माणूस एवढी वर्षं काय सोसत आला असेल, ते मला त्या बाकावर बसून कळलं. त्यांच्या खिशात दहा-दहा माणसं असायची, आणि मला एकाचा भार पेलवत नव्हता. हसतमुखानं कसे परत यायचे हो हे घरी? भात गार झाला म्हणून मी भांडायची, आणि हे निमूट जेवायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी, खिडकीतून ऊन पलंगावर आलं तेव्हा, त्यांनी डोळे उघडले. शिवाप्पा पायथ्याशी उभा होता, घरी गेलाच नव्हता. यांची नजर आधी त्याच्यावर गेली आणि तिथंच खिळली. मग हात छातीवर डाव्या बाजूला चाचपडायला लागला. इस्पितळाच्या झग्याला खिसा कुठला! मी गाठोडं सोडलं, चंची काढली, त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती शिवाप्पाकडं केली, पण सोडली नाही. घोगऱ्या, फाटक्या आवाजात म्हणाले, "माग."

शिवाप्पा पुढं वाकला. एवढा मोठा आवाज, पण आदल्या दुपारी सगळा खर्चून टाकलेला. "अण्णा," तो कुजबुजला, "माझी चंची." त्यांनी दिली. त्यानं ती घेतली आणि खिडकीतून बाहेर भिरकावून दिली. तिकडं लक्षही न देता यांनी डोळे मिटले, एक लांब श्वास सोडला आणि समाधानानं म्हणाले, "चला. आली समदी."

समदी! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एवढ्या वर्षांची सगळी जेवणं, सगळे "आलोच", कालची दुपार, सगळं एकदम घशाशी आलं. "आली समदी म्हणे!" मी म्हटलं, "आणि हे कुणाचं, तुमच्या आजोबांचं?" आणि मूठ त्यांच्या नाकासमोर धरली.

त्यांनी डोळे उघडले. मुठीकडं बघितलं, मग आपल्या रिकाम्या मनगटाकडं. या माणसानं स्वतःला मोजलंच नव्हतं! त्या होरपळलेल्या चेहऱ्यावर हळूहळू लाज पसरली, आदल्या दिवशीच्या शिवाप्पासारखीच.

"माझं हाय," ते म्हणाले.

"मागा की मग."

"माझं घड्याळ दे."

बोटं इतकी आखडली होती की ती सोडवायला मला दुसरा हात लावावा लागला. घड्याळ त्यांच्या हातावर ठेवलं, आणि आदल्या दुपारपासून जे आलं नव्हतं ते रडू आलं, अगदी मोठ्यानं, आमच्या गावच्या रीतीनं, शेजारच्या पलंगांवरचे आजारी उठून बसावेत असं. शिवाप्पा गडबडला. "वैनी, आता का रडताय वो? आलं की अण्णा भाईर!"

"म्हणून तर रडतेय," मी म्हटलं.